मॅक्वारी बेटावरचे ससे: एका प्रकरणाचा अभ्यास

२००६ च्या सप्टेंबरमध्ये मॅक्वारी बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, लुसिटानिया बे इथे, डोंगराचा उतार खचला आणि खालच्या किंग पेंग्विनांच्या वसाहतीचा काही भाग दरडीखाली गेला. या बेटाला दरडी नव्या नाहीत. चढ उभे आहेत, जमीन म्हणजे कुजलेल्या वनस्पतींचा काळा, पाण्याने फुगलेला थर आहे, आणि पाऊस किंवा हिम वर्षातले तीनशेहून जास्त दिवस पडतं. तरीही असे उतार तग धरून होते, कारण त्यांवर कमरेइतकं वाढणारं ठोंबांचं गवत होतं आणि त्याच्या मुळांनी माती धरून ठेवली होती. लुसिटानिया बेच्या उतारावर ते गवत उरलं नव्हतं. सशांनी ते बुडख्यापर्यंत खाल्लं होतं.

पान पडलं तरी "आभाळ पडलं, पळा पळा" म्हणत सुटणारा हा प्राणी. त्याने डोंगर पाडला हे ऐकायला विचित्र वाटतं, म्हणूनच हे प्रकरण मुळापासून बघण्यासारखं आहे. यात सशाने सशाला न शोभणारं काहीही केलेलं नाही. तो बिळात राहिला, दिवेलागणीला चरायला निघाला, हंगामात मादी वेतामागून वेत व्याली. बेटाची वाट लागली ती एवढ्यानेच. आणि पुढे बेट सोडवायला जे उपाय लागू पडले, तेही त्याच्या याच दिनक्रमातल्या फटी हेरून केलेले होते.

बेट आणि त्यावर आलेली मंडळी

मॅक्वारी हे ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया राज्यातलं बेट. टास्मानियापासून आग्नेयेला सुमारे १,५०० किलोमीटर, अंटार्क्टिकाच्या वाटेवर साधारण निम्म्यावर. लांबी ३४ किलोमीटर, रुंदी पाचेक. झाड म्हणून एकही नाही. वारा सतत, थंडी बारमाही. माणसाची कायमची वस्ती नाही. १९४८ पासून बेटाच्या उत्तर टोकाला एक संशोधन केंद्र आहे, तिथे शास्त्रज्ञ पाळीपाळीने राहतात. रॉयल पेंग्विन जगात फक्त या बेटावर आणि त्याला लागून असलेल्या खडकांवर वीण करतात. समुद्रतळाखालचे, पृथ्वीच्या खोल थरातले खडक इथे उघड्यावर दिसतात, म्हणून १९९७ साली बेटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

१८१० साली सील मारणाऱ्यांच्या एका जहाजाला हे बेट दिसलं आणि पुढची शंभरेक वर्षं तिथे कत्तल चालली. आधी कातड्यासाठी फर सील, मग तेलासाठी एलिफंट सील, आणि ते कमी पडू लागल्यावर पेंग्विन. मोठमोठ्या भांड्यांत पेंग्विन शिजवून तेल काढायचा धंदा १९१९ च्या सुमारास बंद पडला. जहाजांबरोबर काळे उंदीर आणि घरातले छोटे उंदीर आले, मांजरं आली, न्यूझीलंडचा वेका नावाचा न उडणारा पक्षी आला, आणि १८७० च्या दशकात ससे आले. उंदीर चोरून आले, ससे मात्र मुद्दाम आणले गेले. ओसाड बेटावर ससे सोडून द्यायचे म्हणजे पुढच्या खेपेला ताजं मांस तयार, ही दर्यावर्दी लोकांची जुनी रीत होती.

ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरची गोष्ट जास्त प्रसिद्ध आहे. १८५९ साली व्हिक्टोरियातल्या बारवन पार्क इथे थॉमस ऑस्टिन या जमीनदाराने शिकारीसाठी इंग्लंडहून दोन डझन ससे मागवले आणि पन्नासेक वर्षांत त्यांच्या वंशजांनी खंडाचा मोठा भाग व्यापला. पण तिथे ससे, मेंढ्या, दुष्काळ, कुंपणं, कोल्हे असा इतका गुंता आहे की कुणामुळे काय झालं हे वेगळं काढणं अवघड जातं. मॅक्वारीला चारी बाजूंनी समुद्र आहे. काय आलं, कधी आलं, कधी गेलं याच्या बऱ्यापैकी नोंदी आहेत. अभ्यासाला हेच प्रकरण सोयीचं.

हा आपल्या रानातला ससा नव्हे

पुढे जाण्याआधी एक गोष्ट नीट करून घेऊ. आपल्या माळरानावर, उसाच्या किंवा ज्वारीच्या शेताच्या बांधावर जो तपकिरी, लांब कानांचा ससा उडी मारून पळतो, तो वेगळा प्राणी. तो बीळ खणत नाही. गवतात अंग दाबून केलेल्या उथळ खळग्यात बसतो आणि संकट आलं की पायांवर भरवसा ठेवतो. त्याची पिल्लं जन्मतःच केसाळ असतात, डोळे उघडे असतात, थोड्याच वेळात हालचाल करू लागतात. उघड्यावर जन्मायचं तर दुसरा मार्गही नाही.

मॅक्वारीवरचा ससा युरोपातला, मूळचा स्पेन-पोर्तुगालच्या बाजूचा. आपल्याकडे पिंजऱ्यात पाळतात ते पांढरे, काळे-पांढरे, लोंबत्या कानांचे ससे त्याचेच माणसाने घडवलेले वंशज. या दोघांची गुणसूत्रंही जुळत नाहीत: युरोपी सशाची ४४, रानसशांची ४८. म्हणून घरातला ससा आणि रानातला ससा यांचा संकर होत नाही. मोठा फरक राहणीचा. युरोपी ससा बिळात, कळपाने राहतो. या प्रकरणातलं जवळजवळ सगळं त्या बिळातून निघतं.

बिळातला संसार

मऊ जमिनीत अनेक तोंडांचं, आतून जोडलेलं बिळांचं जाळं. त्यात काही नर, त्यांहून थोड्या जास्त माद्या आणि पिल्लं. नरांमध्ये पायरी ठरलेली असते, माद्यांमध्येही असते, आणि वरच्या पायरीच्या मादीला पिल्लांसाठी बिळातली चांगली जागा मिळते. खालच्या पायरीवरची मादी बऱ्याचदा बाजूला, उघड्याजवळ, एकटंच आखूड बीळ खणून त्यात विते. हनुवटीखालच्या ग्रंथी घासून आणि ठरावीक जागी लेंड्यांचे ढीग घालून हद्दी आखलेल्या असतात. धोका दिसला की ससा मागचा पाय जमिनीवर आपटतो. तो आवाज जमिनीतून बिळात जातो.

मादी माजावर येण्याचं ठरावीक चक्र नसतं. नर-मादीचा संबंध आला की त्यानंतर सुमारे दहा तासांत अंडी सुटतात, म्हणजे संधी सहसा वाया जात नाही. गाभणपण साधारण तीस दिवसांचं. व्याल्यावर काही तासांतच ती पुन्हा गाभण राहू शकते, म्हणजे एक वेत दूध पितं आहे आणि दुसरं पोटात वाढतं आहे, हे नेहमीचंच. वेताला चार-सहा पिल्लं. तीन-चार महिन्यांत माद्या स्वतः वीण करण्याजोग्या होतात. खाणं कमी पडलं किंवा दाटी फार झाली, तर उलटही होतं: पोटातले गर्भ विरघळून मादीच्या शरीरात शोषले जातात. चांगल्या दिवसांत झपाट्याने वाढायचं आणि वाईट दिवसांत खर्च थांबवायचा, अशी ही व्यवस्था आहे.

पिल्लं मात्र अगदीच असहाय जन्मतात. अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले, कान बंद. आई गवत आणि स्वतःच्या पोटाचे उपटलेले केस यांची गादी करते आणि त्यात त्यांना ठेवते. मग ती दिवसभरात त्यांच्याकडे फिरकते ती साधारण एकदा, तीन-चार मिनिटं. तेवढ्यात पाजून घेते, निघताना आखूड बिळाचं तोंड मातीने बुजवते आणि चालू लागते. पाळीव ससे ठेवणारे अनेकजण "आई पिल्लांना टाकून गेली" म्हणून घाबरतात आणि बाटलीने दूध पाजायच्या मागे लागतात. बहुतेक वेळा आईने टाकलेलं नसतंच. वारंवार जाण्याने वास आणि वाट दोन्ही उघडे पडतात, म्हणून ती जात नाही. दूध इतकं घट्ट असतं की एका पाजण्यावर पिल्लू दिवस काढतं. दहाव्या दिवसाच्या आसपास डोळे उघडतात आणि तीन आठवड्यांच्या सुमारास पिल्लं बाहेर डोकावू लागतात.

तीन आठवडे पिल्लू जमिनीखाली असतं आणि बाहेरचं काहीच खात नाही, एवढं लक्षात ठेवा. पुढे कोट्यवधी डॉलरच्या मोहिमेचं वेळापत्रक यावरच बेतलं गेलं.

आता पोटाचं. ससा उंदरांच्या कुळातला नव्हे. वरच्या जबड्यात पटाशीच्या दातांच्या जोडीमागे आणखी एक चिमुकली जोडी असते, ती उंदरांना नसते. दात जन्मभर वाढत राहतात आणि चरबट गवत चावून चावूनच झिजतात. गवत पचवायला गाई-बकऱ्यांसारखं रवंथ त्याला करता येत नाही. त्याऐवजी लहान आतडं जिथे संपतं तिथे एक भली मोठी पिशवी असते. तिच्यात जिवाणू गवत आंबवतात. तयार झालेला सत्त्वयुक्त माल मात्र पुढे मोठ्या आतड्यात जातो आणि तिथून त्याला पूर्ण उपयोग करून घेता येत नाही. यावरचा सशाचा तोडगा आपल्याला किळसवाणा वाटेल, पण बिनतोड आहे. दोन प्रकारच्या लेंड्या तो टाकतो. कोरड्या, गोल लेंड्या आपल्याला दिसतात. दुसऱ्या मऊ, ओलसर, द्राक्षाच्या घडासारख्या चिकटलेल्या असतात. त्या आपल्याला सहसा दिसत नाहीत, कारण बिळात आराम करताना तो त्या थेट गुदद्वाराशीच तोंड नेऊन गिळतो. गवत दोनदा पोटातून जातं आणि त्यातली प्रथिनं, ब जीवनसत्त्वं वसूल होतात. निकस चाऱ्यावर, थंडीत, झाड-झुडूप नसलेल्या बेटावर हा प्राणी मजेत जगतो तो यामुळे.

मॅक्वारीवर त्याने काय खाल्लं? ठोंबांचं गवत तर खाल्लंच. शिवाय मॅक्वारी बेटाची कोबी म्हणून ओळखली जाणारी मोठ्या पानांची वनस्पती, जी स्कर्व्ही टाळायला सील मारणारे खात असत. शिवाय रुपेरी पानांची, जांभळ्या फुलांची, अतिशय हळू वाढणारी प्लुरोफिलम. या वनस्पतींच्या इतिहासात पानं कुरतडणारा सस्तन प्राणी कधी आलाच नव्हता, त्यामुळे काटे नाहीत, कडूपणा नाही, बचाव नाही. पानं संपली की ससे मुळांकडे वळत. ससा बिळापासून फार लांब चरायला जात नाही, पळून परतता येईल इतपतच जातो. म्हणून नुकसान सगळीकडे सारखं पसरत नाही, बिळांच्या आसपास ते एकवटतं. मऊ माती आणि भरपूर गवत असलेले किनाऱ्यालगतचे उतार बिळांना सगळ्यात सोयीचे, आणि नेमके तेच दरडीला सगळ्यात जवळचे. समुद्रपक्ष्यांची पिल्लंही याच उतारांवर, गवताच्या आडोशाने बिळांत वाढायची. गवत गेल्यावर स्कुआ या शिकारी पक्ष्याला ती सहज सापडू लागली.

पिसू आणि विषाणू

१९७८ सालच्या अंदाजानुसार बेटावर दीड लाखाच्या आसपास ससे होते. बेटाचं क्षेत्रफळ १२८ चौरस किलोमीटर, म्हणजे चौरस किलोमीटरला हजाराहून जास्त.

मुख्य भूमीवर १९५० पासून मिक्सोमा विषाणू वापरला जात होता. हा दक्षिण अमेरिकेतल्या एका वेगळ्या सशाचा विषाणू. मूळ यजमानाला त्याने बारीकशी गाठ येते, युरोपी सशाच्या मात्र पापण्या, कान, जननेंद्रियं सुजतात आणि तो दोन आठवड्यांच्या आत मरतो. सुरुवातीला मरणाचं प्रमाण शंभरात नव्व्याण्णवच्या घरात होतं. लोक घाबरले, कारण त्याच सुमारास माणसांमध्ये मेंदूज्वराची साथ चालू होती. तेव्हा फ्रँक फेनर, मॅकफर्लेन बर्नेट आणि इयन क्लुनीज रॉस या तिघा शास्त्रज्ञांनी तो विषाणू स्वतःला टोचून घेतला आणि काही होत नाही हे दाखवून दिलं. पुढच्या काही वर्षांत विषाणू सौम्य होत गेला आणि ससे चिवट. सशाला चटकन मारणारा विषाणू डासाला पसरवायला वेळच देत नाही, तेव्हा मध्यम तीव्रतेचे प्रकार पुढे सरकले.

मॅक्वारीवर अडचण वेगळी होती. हा विषाणू एका सशाकडून दुसऱ्याकडे मुख्यतः चावणाऱ्या कीटकांच्या सोंडेवरून जातो, आणि या थंड बेटावर डासच नव्हते. सशांबरोबर त्यांची पिसूही आली नव्हती. म्हणून १९६८ पासून तिथे मुद्दाम युरोपी सशाची पिसू सोडली. ती सगळीकडे पसरायला दहा वर्षं लागली, आणि मग १९७८ च्या डिसेंबरात विषाणू सोडला.

ही पिसू म्हणजे या प्रकरणातला सगळ्यात चोख जीव. १९६० च्या दशकात मिरियम रॉथचाइल्ड या ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ बाईंनी तिचं गुपित उलगडलं. ती स्वतःच्या हंगामावर चालत नाही, सशाच्या मादीच्या संप्रेरकांवर चालते. मादी गाभण राहिली आणि दिवस भरत आले की तिच्या रक्तातली संप्रेरकं बदलतात. ते रक्त पिऊन मादी पिसूची अंडी पक्व होतात. पिल्लं जन्मली की पिसवा आईच्या अंगावरून पिल्लांवर उड्या घेतात, तिथे त्यांचा संयोग होतो, आणि गादीतल्या केसांत अंडी पडतात. म्हणजे सशाची जितकी वीण, तितकी पिसवांची वीण. आणि त्या उबदार, कोंदट बिळात सगळे एकमेकांना चिकटून असतात. ज्या बिळाने सशाला थंडीपासून, शत्रूपासून वाचवलं, तेच बीळ रोगाचं घर झालं.

परिणाम झाला. १९८० च्या दशकात सशांची संख्या वीस हजारांच्या खाली आली. उतारांवर गवत पुन्हा वर येऊ लागलं. मात्र विषाणू दरवर्षी नव्याने सोडावा लागे. फौज एकदा पाठवून काम संपत नव्हतं.

मांजरांचा वाद

इथे प्रकरणात दुसरा पेच येतो आणि बहुतेक लोकांना मॅक्वारी माहीत आहे ते या पेचामुळेच.

मांजरं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून बेटावर होती. तिथे एक हिरवा पोपट होता, मॅक्वारी बेटाचा स्वतंत्र पोपट. मांजरांच्या बरोबरीने तो साठेक वर्षं टिकला, आणि १८९१ पर्यंत नाहीसा झाला. मधल्या काळात बदललं काय, तर ससे आले. हिवाळ्यात बरेच समुद्रपक्षी बेट सोडून जातात, तेव्हा पूर्वी मांजरांची उपासमार होऊन संख्या आपोआप कमी राहायची. ससे आल्यावर त्यांना बारमाही भाकर मिळाली. पोसलेल्या मांजरांनी पोपट संपवला. ससा कुणालाही न चावता असा एक पक्षी नाहीसा करू शकतो, हा मला या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात बोलका भाग वाटतो.

मिक्सोमाने ससे कमी झाल्यावर मांजरं पुन्हा पक्ष्यांवर तुटून पडली. म्हणून १९८५ पासून मांजरं मारायची मोहीम सुरू झाली आणि २००० च्या जूनमध्ये शेवटचं मांजर गेलं. एकूण अडीच हजारांच्या आसपास मांजरं मारली. शंभर वर्षांनी राखाडी पेट्रेल पक्षी पुन्हा बेटावर वीण करू लागला. पण त्याच काळात ससे भराभर वाढले, काही वर्षांतच लाखाच्या पुढे गेले, आणि २००६ ची दरड आली.

२००९ साली डॅना बर्गस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी एका शोधनिबंधात मांडलं की मांजरं काढल्यामुळे ससे बेसुमार झाले आणि जागतिक वारशाच्या बेटाची नासाडी झाली. बातम्यांना आयता मथळा मिळाला: पक्षी वाचवायला गेले आणि बेट घालवून बसले. त्याच वर्षी जॉन डाउडिंग आणि इतरांनी त्याला उत्तर दिलं. त्यांचं म्हणणं असं की मुख्य कारण मांजरं नव्हेत, मिक्सोमा निष्प्रभ होत जाणं हे आहे. विषाणूचा प्रयोगशाळेतला पुरवठा १९९९ च्या सुमारास थांबला होता, शिल्लक साठ्यावर काही वर्षं काम चाललं आणि २००६ नंतर तेही बंद झालं.

मला दुसरी बाजू पटते, आणि त्याला साधं कारण आहे. १९७८ साली दीड लाख ससे होते तेव्हाही बेटावर मांजरं होतीच. मांजरांच्या नाकावर टिच्चून ससे तिथवर पोचले होते. मांजर सशाची पिल्लं खातं, वाढीचा वेग थोडा कमी करतं, यात शंका नाही. पण महिन्याला वेत टाकणाऱ्या प्राण्याला आवर घालणं मांजराच्या आवाक्यातलं काम नाही. चूक असलीच तर क्रमाची होती. ससे, उंदीर, मांजरं सगळं एकदम काढायला हवं होतं, आणि १९८५ साली ते तंत्र कुणाकडे नव्हतं.

शेवटची मोहीम

२००७ साली ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने आणि टास्मानियाने मिळून २.४६ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर मंजूर केले. उद्दिष्ट: ससे, काळे उंदीर आणि छोटे उंदीर, तिन्ही एकाच मोहिमेत, शेवटच्या जिवापर्यंत. गाभण मादी एक जरी उरली तरी सगळं पाण्यात, हे बिळातल्या संसाराची माहिती वाचल्यावर वेगळं सांगायला नको.

पद्धत अशी: ब्रोडिफॅकूम हे रक्त गोठू न देणारं विष धान्याच्या गोळ्यांत घालून हेलिकॉप्टरने सगळ्या बेटावर, आखलेल्या पट्ट्यांत, एकही कोपरा न सोडता टाकायचं. विष काही दिवसांनी काम करतं, त्यामुळे खाणं आणि मरणं यांचा संबंध प्राण्याच्या लक्षात येत नाही. सशाला ओकताही येत नाही, पोटात गेलं ते गेलं. वेळ हिवाळ्याची निवडली. हिवाळ्यात चारा कमी असतो, म्हणून गोळ्या खाल्ल्या जातात. बरेच पक्षी बेटाबाहेर असतात. आणि मुख्य म्हणजे सशांची वीण थांबलेली असते. विणीच्या हंगामात गोळ्या टाकल्या तर जमिनीखाली दूध पिणारी पिल्लं त्यातून सुटतील. आई मेली तरी त्यांतली मोठी, तीन आठवड्यांच्या उंबरठ्यावरची पिल्लं बाहेर येऊन गवतावर जगू शकतील.

२०१० च्या हिवाळ्यात पथक पोचलं, पण हवामानाने साथ दिली नाही. वारा, धुकं, हिम. बेटाच्या दहा टक्क्यांच्या आतच गोळ्या पडल्या आणि काम थांबवावं लागलं. त्यातही विष खाल्लेल्या सशांचे मृतदेह खाऊन जायंट पेट्रेल, स्कुआ, केल्प गल असे शेकडो पक्षी मेले. टीका झाली, आणि ती रास्त होती.

इथून योजना बदलली. आधी ससे दुसऱ्या मार्गाने कमी करायचे, म्हणजे विष खाल्लेली मढी कमी पडतील. २०११ च्या फेब्रुवारीत बेटावर सशांच्या रक्तस्रावी रोगाचा विषाणू सोडला, गाजरांवर लावून. हा रोग १९८४ साली चीनमध्ये पहिल्यांदा दिसला. ऑस्ट्रेलियात १९९५ साली वॉर्डांग बेटावरच्या चाचणीतून तो निसटला होता. मोठ्या सशाला तो दोन-तीन दिवसांत मारतो, काही आठवड्यांच्या पिल्लांना मात्र बहुधा काही करत नाही, उलट ती त्यातून वाचून प्रतिकारशक्ती घेऊन वाढतात. म्हणून वीण ओसरत असताना, उन्हाळ्याच्या अखेरीस (दक्षिण गोलार्धात ती फेब्रुवारीत येते) तो सोडणं महत्त्वाचं होतं. बेटावरच्या सशांनी हा रोग कधी पाहिला नव्हता. आठ-नऊ दशांश ससे त्यानेच गेले, त्यांतले बरेच बिळातच, म्हणजे पक्ष्यांच्या चोचीपासून लांब.

मे ते जुलै २०११ मध्ये हेलिकॉप्टरनी गोळ्यांचं काम पुरं केलं. माणसं बेटभर फिरून मेलेले प्राणी उचलत होती. तरीही दोन्ही वर्षं मिळून दोन हजारांवर पक्षी मेले. मोहिमेच्या यशाबद्दल लिहिताना हा आकडा तळटीपेत ढकलण्याची सवय दिसते. माझ्या मते तो मजकुरातच हवा.

मग सुरू झालं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम. उरलेला ससा शोधणं. शिकवलेली कुत्री घेऊन माणसं कडेकपारी पिंजू लागली. कुत्र्यांना आधी एक गोष्ट शिकवली होती: पेंग्विन, सील, पेट्रेल यांच्याकडे ढुंकून बघायचं नाही. शोध घ्यायचा तो सशाच्या खुणांचा. ताजी लेंडी, नखांनी खरवडलेली माती, तिरका स्वच्छ कापलेला पानाचा दांडा, बिळाच्या तोंडाशी अडकलेला केस. हद्द आखायला ससा लेंड्या उघड्यावर, ठरलेल्या जागी टाकतो, आणि शोधणाऱ्याला तीच खूण आयती मिळते. गोळ्यांनंतर डझनभराच्या आसपास ससे सापडले, त्यांत पिल्लंही होती. २०११ सरल्यावर जिवंत सशाचा पुरावा मिळाला नाही. तरी पथकं २०१४ पर्यंत चालत राहिली, कारण एक जोडी सुटली असती तर दोन-तीन वर्षांत ती लपून राहिली नसती. ८ एप्रिल २०१४ ला बेट ससे आणि उंदीर यांपासून मुक्त झाल्याचं जाहीर झालं.

नंतर

वनस्पती अपेक्षेहून वेगाने परतल्या. जिथे नुसती काळी माती होती तिथे गवताचे ठोंब आणि कोबीची पानं उभी राहिली, प्लुरोफिलमही दिसू लागली. समुद्रपक्ष्यांच्या वीण करणाऱ्या जोड्या नव्या जागी बिळं करू लागल्या. आता बेटावर जाणारं सामान, बूट, कपडे, खोकी सगळं तपासूनच चढवलं जातं.

गंमत म्हणजे याच सशाची त्याच्या माहेरी उलटी गत आहे. स्पेन आणि पोर्तुगालमध्ये याच दोन रोगांनी आणि शेतीच्या बदलत्या पद्धतींनी तो इतका घटला की २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत त्याची नोंद संकटग्रस्त म्हणून झाली. आयबेरियन लिंक्स नावाचं रानमांजर जवळजवळ फक्त ससे खाऊन जगतं, इम्पीरियल गरुडाचंही त्यावाचून अडतं. तिथे वनखात्याची माणसं सशांसाठी कृत्रिम बिळं बांधून देतात.

मॅक्वारीवर सगळं पूर्वीसारखं झालं असंही नाही. ब्राउन स्कुआ हा शिकारी पक्षी सव्वाशे वर्षं सशांवर पोसला गेला होता. त्यातले बरेच विषाने गेले, आणि उरलेल्यांसाठी ससाही राहिला नाही. त्यांची वीण करणारी संख्या मोहिमेनंतर स्पष्ट घटली. ते आता पेंग्विनांची अंडी-पिल्लं आणि नव्याने वाढणारे पेट्रेल यांकडे वळतात. ससे येण्याआधी बेटावर किती स्कुआ होते याची नोंद कुणीच ठेवली नव्हती, त्यामुळे आत्ताची संख्या ही घट मानायची की मूळ पातळीवर येणं, यावर अजून एकमत नाही. मोजणी चालू आहे.